माझ्या बुडाशी चिकटलेली चिठ्ठी

"मिस, दरवर्षी आम्हीच चॅम्पियनच्या गटात कशा?"

हे विचारायची पैज वल्लरीच्या मैत्रिणींनी लावली होती. "आस्क लाह! विचार ना! घाबरलीस?" प्रणिता कुजबुजली, आणि वल्लरीने भर हॉलमध्ये, नेटबॉल स्पर्धेच्या सोडतीला जमलेल्या सगळ्या शाळांच्या कॅप्टनांसमोर विचारून टाकलं. मित्रांनो, मला घामच फुटला. उत्तर माझ्या बुडाशी होतं!

मी एक जुना स्टीलचा डबा आहे. जन्म पुण्याचा, झाकणावर 'स्मिता' असं कोरलेलं. २०१२च्या दिवाळीत स्मिताताईंनी बेसनाचे लाडू भरून मला लेकीच्या, म्हणजे वल्लरीच्या, सिंगापूरमधल्या वुडलँड्सच्या शाळेत पाठवलं. नेटबॉल शिकवणाऱ्या मिस लिमसाठी. "मिस, आमच्यात डबा रिकामा परत देत नाहीत हं," वल्लरीने बजावलं. झालं! काय भरावं ते मिसना सुचेना. मी तिथेच राहिलो आणि मिस ज्या शाळा-शाळांच्या स्पर्धेची सोडत काढत, तिथे मला नोकरी लागली.

नोकरी मानाची! बारा शाळा, चार गट. गेल्या वर्षीच्या पहिल्या चौघी एकेका गटात आधीच बसवलेल्या. चॅम्पियन 'अ' गटात. उरलेल्या आठांच्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या माझ्या पोटात. एकेक काढत शेवटी उरेल ती चॅम्पियनच्या गटात. आणि गटातली पहिली शाळाच सेमीफायनलला.

त्या चिठ्ठ्या मिसनी लाडू खाता खाता लिहिल्या होत्या. पहिली स्वतःच्या शाळेची, तुपकट बोटांनी! ती माझ्या न घासलेल्या बुडाला जी चिकटली, ती मागची दोन्ही वर्षं शेवटीच उरली. वल्लरीचा संघ दोन्ही वर्षं गटातच गारद. यंदा तर बाबांनी दम दिला होता, "पुन्हा तसंच झालं तर नेटबॉल बंद. शनिवारी गणिताची ट्यूशन."

मिसनी मला उलटं केलं. सात चिठ्ठ्या पडल्या. आठवी हलेना.

"आय्यो, माय लाडू!" मिस ओरडल्या. हॉलभर हशा!

मला गरम पाण्याने खसाखसा घासलं. तीन वर्षांतली पहिली आंघोळ! नव्या चिठ्ठ्या, नवी सोडत. आणि शेवटी कोण निघालं? वल्लरीचीच शाळा! मित्रांनो, या वेळी मी निर्दोष होतो, शपथ!

मिसनी माझ्यात अननसाचे टार्ट भरले आणि मी घरी आलो.

"अगं बाई, माझा डबा!" स्मिताताई म्हणाल्या.

बाबांनी टार्ट उचलला. "गट कुठला?"

"चॅम्पियनचाच."

"मग ट्यूशन..."

मित्रांनो, डबा उशिरा परत केलात तरी चालेल, पण आधी घासा. स्वच्छ डब्यातून चिठ्ठी निघालेल्या मुलीचा आवाज किती खणखणीत असतो, तो मी त्या दिवशी ऐकला.

"ट्यूशन रविवारी, बाबा. या वेळी सोडत खरी झालीये. हरलो तरी मी नेटबॉल सोडणार नाही. आणि आई, पुढच्या वर्षी डबा मीच घासून नेणार. ठरलं!"