पंचाहत्तरपट जंगल

"झाड लावलं का?" अरण्यबाबांनी माईकमध्ये विचारलं.

"नाही!" मैदान गरजलं.

"बी टाकलं? पाणी घातलं?"

"नाही! नाही!"

"आणि जंगल?"

"वाढलं! वाढलं! वाढलं!"

बाबांनी हात वर केला. त्यांच्या मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर एक तक्ता उमटला. गावाच्या नावापुढे, खासगी जंगलाच्या रकान्यात, दोन वर्षांपूर्वी चाळीस हेक्टर आणि यंदा तीन हजार. खाली सांख्यिकी कार्यालयाचा ठसठशीत शिक्का. बायका डोळे पुसू लागल्या. एक निवृत्त इंजिनिअर खुर्चीवर चढून टाळ्या पिटू लागला, आणि इंजिनिअरच नाचतोय म्हटल्यावर बाकीच्यांनी शंका कशाला काढायची?

"हे कंपन आहे, कंपन!" बाबा सांगत होते. "मुळातून मुळात जातं, मुळातून मनात जातं आणि मनातून थेट सरकारी तक्त्यात जातं! शेत द्या, जंगलात हिस्सा घ्या. शेत आहे तेवढंच राहतं. जंगल वाढतं! पण कृपेला मुदत असते बरं का. वर्षअखेरच्या आत हिस्सेदार म्हणून ज्याची नोंद होईल, त्यालाच यंदाची कृपा. मागाहून येणाऱ्यानं वर्षभर थांबायचं."

मैदानाच्या मागच्या बाजूला एक बाई उभी होती, तिला सगळी गल्ली आकडेबाई म्हणायची. तो तक्ता तिच्याच विभागाचा होता. तिचा धाकटा भाऊ तिला मुद्दाम ओढून घेऊन आला होता आणि आता परीक्षेत पहिला आल्यासारखा तिच्याकडे बघत होता.

"काय ताई? तुझंच कार्यालय ना?"

"हो."

"खाली सही तुझीच ना?"

"माझीच. पण हे शक्य नाही रे."

"म्हणजे तुझ्या सहीवर तुझाच विश्वास नाही? बघ, पुढच्या रविवारी मी शेत लिहून देतोय. आईला सांगितलंय."

"आई राहते त्या शेतात!"

"जंगलात राहील. मोकळ्या हवेत."

आकडेबाईच्या पायाखालची जमीन सरकली. आई गेली कित्येक वर्षं त्या शेताच्या कडेच्या दोन खोल्यांत राहत होती. भावाच्या नावावर शेत होतं, त्यामुळे सहीला त्याचा एकट्याचा हात पुरेसा होता. आणि त्या हाताला बळ दिलं होतं बहिणीच्या सहीनं.

सोमवारी ती कार्यालयात पोचली ती तडक प्रोग्रामर मुलीच्या टेबलापाशी.

या कार्यालयातलं कोणीही शेतात किंवा जंगलात जात नसे. त्याची गरजच नसे. जमिनीची नोंद एका खात्याकडे, कराची दुसऱ्याकडे. ती दोन्ही खाती आपापल्या कामासाठी नोंदी ठेवतात आणि हे कार्यालय वर्षअखेरच्या तारखेला त्या मागवून, मिळकतीच्या क्रमांकावरून जुळवून, देशभरातली शेतं आणि जंगलं यांची बेरीज करतं. काम चोख. फक्त एक गोष्ट विसरायची नाही: ती नोंद मोजणीसाठी लिहिलेली नसते, मालकी सांगण्यासाठी लिहिलेली असते.

"तीन हजार भागिले चाळीस किती?" आकडेबाईनं विचारलं.

"पंचाहत्तर."

"त्या जंगलाचे मालक किती आहेत बघ बरं."

प्रोग्रामरनं बघितलं आणि कपाळाला हात लावला. मालक पंचाहत्तर होते. जमीन खात्यानं दोन वर्षांपूर्वी नोंदीची पद्धत बदलली होती. आधी एका मिळकतीला एक ओळ असायची. आता प्रत्येक मालकाला स्वतंत्र ओळ, आणि प्रत्येक ओळीत मिळकतीचं पूर्ण क्षेत्र. बेरीज करण्याआधी त्या ओळी एकत्र करून मिळकत एकदाच धरायची. शेतांसाठी ती पायरी नव्या प्रोग्राममध्ये घातली होती. जंगलांसाठी राहून गेली.

"अहो, पण तपासणीत कसं नाही सापडलं?"

"आपली तपासणी कशी आहे? जंगल घटलं की चौकशी, वाढलं की अभिनंदन."

ते खरंच होतं. बाकीच्या जंगलांना दोन-तीन मालक असतात. देशाचा आकडा थोडा फुगला तेव्हा वरून कौतुकाचं पत्र आलं होतं आणि सगळ्यांनी चहा घेतला होता. बाबांच्या टेकडीवरच्या या एका जंगलाला मात्र दर रविवारी नवे मालक उगवत होते. आणि बाबांच्या कृपेची मुदत नेमकी कार्यालयाच्या मोजणीच्या तारखेला संपत होती! बाबा होण्याआधी हा गृहस्थ जमीन खात्याच्या दारात दस्त लिहून द्यायला बसायचा, हे तिला दुपारपर्यंत कळलं, आणि तिचं डोकं भडकलं.

संचालक शांत माणूस होते. अशी माणसं संकटात फार त्रास देतात.

"पुढच्या वर्षीच्या अहवालात तळटीप देऊ," ते म्हणाले.

"साहेब, रविवारी लोक शेतं लिहून देणार आहेत."

"कार्यालयाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"तो भामटा आपली अब्रू दहा फुटी पडद्यावर लावतोय! आजच दुरुस्ती जाहीर करू."

"घाई नको. आणि तुम्ही परस्पर कुठं बोललात तर जबाबदारी तुमची."

"माझीच आहे," आकडेबाई म्हणाली. "सही माझी आहे ना?"

पुढच्या रविवारी मैदान आणखी भरलं होतं. नोंदणीच्या टेबलासमोर रांग लागली होती आणि रांगेत तिसरा तिचा भाऊ होता. त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता. आठवडाभर फोनवर तेच झालं होतं. ती सरळ मंचाकडे गेली.

"बाबा, मी सांख्यिकी कार्यालयातली. तुमच्या तक्त्याखालची सही माझी."

बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी स्वतःहून माईक तिच्या हातात दिला. "बोला, ताई! सरकार स्वतः आलंय!"

पुढच्या रांगेत खास भक्तांसाठी एक लांब बाक होता. त्यावर सात जण दाटीवाटीनं बसले होते.

"काका," तिनं कडेच्या इंजिनिअरला विचारलं, "तुम्ही किती बाकांवर बसलाय?"

"एका."

"आणि मावशी, तुम्ही?"

"एकाच की. दोन बाकांवर कसं बसणार?"

तिनं सातही जणांना विचारलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी बेरीज केली. "एक, एक, एक... झाले सात बाक! मग बाकीचे सहा उचलून आणा बघू. मागं माणसं उभी आहेत, त्यांना बसू द्या."

मैदानात हशा पिकला. इंजिनिअर मात्र हसला नाही. तो खाली वाकून बाकाकडे बघत राहिला आणि त्याचे कान लाल झाले.

"जंगलाचं हेच झालंय. एक जंगल, पंचाहत्तर मालक. आमच्या कार्यालयानं प्रत्येक मालकामागं अख्खं जंगल पुन्हा मोजलं. चूक आमची आहे, शंभर टक्के आमची. पण ती चूक ओळखून तिच्यावर दुकान थाटलंय ते या माणसानं!"

"बाक मेलेल्या लाकडाचा!" बाबा दुसऱ्या माईकवरून ओरडले. "जंगल जिवंत आहे!"

"मग दाखवा. तीन हजार हेक्टर म्हणजे हे मैदान, अख्खं गाव, पलीकडचं स्टेशन, सगळं झाडीत गेलं पाहिजे. तुमचं कुंपण तर आहे तिथंच आहे. वाढलेलं जंगल ठेवलंय कुठं?"

"शंकेखोर नजरेला ते दिसत नाही!"

"मला पण दिसत नाही, बाबा," बाकावरची मावशी उठून म्हणाली. "दोन वर्षं रोज बघतेय. वाटायचं, आपलंच काहीतरी चुकतंय. मी शेत दिलंय तुम्हाला."

रांगेतून भाऊ पुढे आला. पेन त्याच्या हातातच होतं.

"बाबा, एवढंच सांगा. माझा हिस्सा कुठून कुठपर्यंत येणार? मी जाऊन उभा राहतो तिथं."

"श्रद्धेला मोजमाप नसतं, बाळा."

"शेताला असतं," भाऊ म्हणाला. "आमचं विहिरीपासून रस्त्यापर्यंत आहे. आईला डोळे मिटून सांगता येतं." त्यानं पेन खिशात टाकलं आणि तो रांगेतून बाहेर पडला. बहिणीकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

"बाई, माझं शेत परत मिळेल का हो?" मावशीनं विचारलं.

"खोटं नाही सांगत, मला माहीत नाही. भांडावं लागेल. मी साक्षीला येईन, नोकरी राहो की जावो."

मंचामागं कोणीतरी गाडी सुरू केली. बाबांचे शिष्य वायरी गुंडाळू लागले. आकडेबाईनं माईक घट्ट धरला.

"ऐका! उद्यापासून माझ्या शिक्क्यालाही हात जोडू नका. आकडा कोणाचाही असो, बाबाचा, सरकारचा, माझा, त्याला विचारा: काय मोजलं? कसं मोजलं? एकदाच मोजलं ना? उत्तर आवडलं म्हणून खरं मानू नका. आम्ही तेच केलं आणि फसलो. डोळ्यांना कुंपण दिसत असताना पडद्यावर विश्वास ठेवू नका. विचारणं म्हणजे पाप नाही. गप्प बसण्यानं शेतं गेली आहेत."

पडद्यावर तक्ता अजून तसाच झळकत होता. तिनं त्याच्याकडे बोट केलं.

"आणि हा आकडा नीट बघून घ्या. जंगल पंचाहत्तरपट झालंच नव्हतं. आम्ही मोजली ती माणसं होती. ते पंचाहत्तर तुम्ही आहात, आणि तो एकटा आहे. जा, विचारा त्याला."

आधी मावशी निघाली. मग इंजिनिअर उठला. मग बाक रिकामा झाला, खुर्च्या सरकल्या, आणि बाबांना घेऊन निघालेली गाडी मैदानाच्या फाटकापर्यंत पोचायच्या आत फाटक माणसांनी भरून गेलं.