दाराशी थांबलेला सिनेमा

दोघी बहिणींचा अबोला आता चांगला मुरला होता. आईच्या शेवटच्या आजारपणात धाकटी ठकी फिरकली नाही. आली ती सगळं आटोपल्यावर. तेव्हा ताई चारचौघांत म्हणाली, "या, पाहुण्यांसाठी खुर्ची ठेवलीय." त्या एका वाक्यावर सगळं तुटलं. घरबसल्या सिनेमे दाखवणाऱ्या कंपनीचं खातं तेवढं दोघींचं एकच राहिलं. पैसे ठकी भरायची, बघायच्या दोघी. ते बंद करायचं तर एकमेकींशी बोलावं लागलं असतं, आणि सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, अशातल्या त्या दोघी.

ताई घरीच कपडे दुरुस्त करून द्यायची. दुपारी कुणाच्या तरी पँटची शिलाई उसवता उसवता समोर सिनेमा लावायचा, आणि अर्ध्यावर डोळा लागायचा. मग सिनेमातलं तळं हळूच खोलीत यायचं, मशीनखालून बोटी सावकाश सरकायच्या, आणि कुठल्याशा बोटीत आई पाठमोरी बसलेली असायची. जाग आली की मांडीवर पँट, हातात सुई. ताईला या झोपेचा लळाच लागला होता.

पण तिनं जिथे सोडला तिथे सिनेमा कधी सापडायचा नाही. तो आपला पुढे गेलेला. पुढे कोण नेतं, हे कळायला काही ज्योतिषी लागत नव्हता. "बघ बाई, बघ," ताई पडद्यालाच सुनावायची, "बोलायला वेळ नाही, सिनेमाला बरा आहे."

त्या दुपारी ठकीनं भाड्यानं घेतलेला एक नवा सिनेमा दिसला. दीपगृहात राहणाऱ्या मायलेकींचा. खाली सूचना होती, मुदत आज संध्याकाळी संपते. ताईनं लावला, तर तो सुरू झाला थेट दवाखान्याच्या व्हरांड्यातून. मुलगी चालत चालत एका दारापाशी येते. आत तिची आई आजारी आहे. ठकी नेमकी इथे थांबली होती.

ताईला काय वाटलं कोण जाणे, तिनं आधीचे सिनेमे उघडून पाहिले. म्हाताऱ्या बापाचा होता, तो खाटेआधीच थांबलेला. शेजारणींचा होता, तोही तसाच. बाकीचे सगळे ठकीनं शेवटपर्यंत बघितले होते. आजाऱ्याच्या खोलीचं दार आलं, की ही पोरगी पाय मागे घेत होती.

सुई हातातच राहिली. ठकीला यायचं नव्हतं असं नाही, तिला आत पाऊल टाकवलं नव्हतं. आजवर जिला दगड म्हटलं ती नुसती भित्री निघाली. ताईला रडू आलं, आणि रागही आला, तो मात्र स्वतःचा.

तिनं सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. पडद्यावरचा समुद्र आणि खिडकीतलं उतरतं ऊन एकमेकांत मिसळून खोलीभर हलत होतं. मग तिनं फोन लावला. ठकीनं उचलला.

"तो सिनेमा आता जाईल," ताई म्हणाली. "पुढचं सांगते, ऐक. मुलगी आत जाते. आई झोपलेली असते. मुलगी तिची उशी सारखी करते आणि खिडकीशी बसून राहते. घाबरण्यासारखं काही नाही गं त्यात."

मग ठकीनं विचारलं, "ताई, आपली आई कशी गेली? मला कुणी सांगितलंच नाही."

ते ताईनं कुणालाच सांगितलं नव्हतं. सगळ्या रागाचं मूळ तिथेच तर होतं.

"तिला शेवटी नीट दिसत नव्हतं," ती म्हणाली. "रात्रंदिवस उशाशी मी, आणि हाक मारली ती तुला. 'ठके, आलीस का?' म्हणाली. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, 'आले गं आई.' तेवढ्यावर ती हसली, आणि गेली."