झल्लाकची चटई फ्योर्डवर

मित्रांनो, मी एक जुनी चटई आहे. गवताची नव्हे, प्लॅस्टिकच्या पोकळ काड्यांची, जांभळ्या रंगावर पिवळे मोर असलेली. घडी घातली की वरच्या पट्ट्याला धरून मला कुठेही नेता येतं. माझी गोष्ट मी एका शुक्रवारपासून सांगते. त्या दिवशी काहीच घडलं नाही.

ईसा टाउनमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात शरीफुन्निसाने सकाळीच मला न्हाणीघरात नेलं. साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन तिने माझ्या काड्यांमधली वाळू काढली आणि मला गॅलरीच्या कठड्यावर टाकलं. बहारीनच्या उन्हात वाळायला मला तासभर पुरतो. मग तिने मला गॅलरीतच अंथरलं आणि माझ्यावर बसून ती लसूण सोलू लागली. आत तिची मुलगी सबा लॅपटॉपपुढे होती. सबा सीफ भागातल्या एका कंपनीत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशीही करते.

"संध्याकाळी येतेस काय गो झल्लाकच्या किनाऱ्यावर? वारा पडलाय आज."

"आय कान्ट, अम्मी. नेक्स्ट वीक. पक्का."

"मागच्या हप्त्यातलं पक्कं अजून तसंच पडलंय."

"अम्मी, प्लीज."

"बरं बरं. इंशाल्ला."

तिने लसणीची सालं ओंजळीत गोळा केली, गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि मला घडी घालून दाराआड उभं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाचं पातेलं गॅसवर ठेवताना ती खाली बसली. सबा धावली, ॲम्ब्युलन्स आली. शरीफुन्निसा हॉस्पिटलातून परत आली नाही.

आता आधीचं सांगते.

ईसा टाउनच्या बाजारात मी एका दुकानाबाहेर गुंडाळून उभी होते. सबा तेव्हा दुसरीत होती. तिनेच माझे मोर पसंत केले. तिचे अब्बा, रहिमतुल्ला, एका गोदामात स्टोअरकीपर होते. घरात सोफा आला तो खूप नंतर. तोवर जेवण माझ्यावर, अभ्यास माझ्यावर, रमजानात खजूर आणि भजी माझ्यावर. रत्नागिरीहून कुणी सोडे आणले तर तेही गॅलरीत माझ्यावरच वाळायचे आणि शेजारी नाक दाबून दार लावायचे. एका कोपऱ्यावर सबाने सांडलेल्या शाईचा डाग आहे. शरीफुन्निसा पाहुण्यांना म्हणायची, "सोफा बघायला, चटई बसायला." हे ऐकून माझी छाती फुगायची. चटईला छाती नसते, पण समजून घ्या.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही झल्लाकच्या किनाऱ्यावर जायचो. तिथे वारा सुटलेला असतो, म्हणून माझ्या चार कोपऱ्यांवर चपला ठेवाव्या लागतात. आणि तिथली एक रीत आहे, ती नीट ध्यानात ठेवा. नवं कुटुंब आलं की आधी बसलेले लोक आपली चटई जरा सरकवतात. सरकवणं म्हणजे, या, बसा. मग दोन चटयांच्या कडा जुळतात, थर्मास उघडतो आणि तासाभरात एकमेकांची गावं कळतात. जो सरकत नाही तो घमेंडखोर.

रहिमतुल्ला गेले. शरीफुन्निसा सबाच्या व्हिसावर राहू लागली. गेल्या वर्षी जूनमध्ये ऑफिसने सबाला दोन आठवड्यांच्या ट्रेनिंगसाठी नॉर्वेला पाठवलं. आईला एकटं कसं ठेवायचं म्हणून सबाने रजेचे पैसे घालून तिलाही नेलं. ऑफिसचे लोक गावातल्या हॉटेलात उतरले. सबाने टेकडीवरच्या गेस्टहाउसमध्ये खोली घेतली आणि आपल्याला शांत जागा आवडते एवढंच ऑफिसात सांगितलं. आई बरोबर आहे हे सांगितलं नाही. मला बॅगेत भरताना मात्र तिने विचारलं, "अम्मी, चटई कशाला?"

"समुद्र आहे ना तिथे? मग काय उभ्याने बघायचा?"

शनिवारी दोघी बसने फ्योर्डवर गेल्या. फ्योर्ड म्हणजे डोंगरांमधून खूप आत शिरलेला समुद्राचा फाटा. मी एवढा शांत समुद्र पाहिला नव्हता. दोन्ही बाजूंना उभे हिरवे कडे, मध्ये ताटासारखं पाणी, काठाला करड्या वाळूची एक छोटीशी कमान, एक लाकडी धक्का. लाट नाही, वारा नाही. शरीफुन्निसाने बोट बुडवून चाखून पाहिलं. "खारट आहे. पण मन लावून खारट नाही," ती म्हणाली. सबा हसली. त्या दिवशीचं ते शेवटचं हसू.

किनाऱ्यावर एकच माणूस होता, टॉवेलवर पुस्तक वाचत बसलेला एक म्हातारा गृहस्थ. शरीफुन्निसाने मला त्याच्यापासून दोन हातांवर अंथरलं आणि सवयीने चारही कोपऱ्यांवर चपला, पिशवी, थर्मास ठेवला. म्हातारा किंचित हसला आणि हातभर पलीकडे सरकला.

"बघ, जागा दिली. अदब आहे माणसाला." तिने मला कोपरा धरून हातभर पुढे ओढलं.

तो पुन्हा सरकला. आम्हीही सरकलो.

"अम्मी, स्टॉप. ही वॉन्ट्स टू बी अलोन."

"एकटं बसायचं असतं काय कुणाला? लाजतोय बिचारा."

तिसऱ्यांदा सरकल्यावर त्याच्या मागे खडक आला. सबा तोंड फिरवून धक्क्याकडे निघून गेली. तिचे कान लाल झालेले मला दिसले. खरं सांगते, मलाही माझ्या मोरांची लाज वाटली. त्या करड्या, हिरव्या, गप्प जागेत माझा जांभळा रंग फार मोठ्याने बोलत होता.

तेवढ्यात वरच्या पायऱ्यांवरून तिघं खाली आले. सबाची साहेबीण निवेदिता आणि तिथल्या ऑफिसातली दोन माणसं. निवेदिता मूळची पुण्याची, सीफच्या ऑफिसात सबाच्या वर. ती हसतच आली.

"सबा, तू इथे? आम्ही वरून कधीचे बघतोय. त्या काकूंनी त्या बिचाऱ्याला पार खडकावर नेऊन टेकवलं. आपल्या लोकांना रिकामी जागा सोसतच नाही. ओळखतेस का गं त्यांना?"

ती दोन माणसं सबाकडे बघत होती. चेहऱ्यावर वाईट काही नव्हतं, नुसती उत्सुकता.

"नो," सबा म्हणाली. "म्हणजे माझ्या गेस्टहाउसमध्ये आहेत. बस विचारत होत्या, म्हणून बरोबर आणलं."

मित्रांनो, वारा असता तर हे शब्द उडून गेले असते. झल्लाकला गेलेच असते. तिथे प्रत्येक शब्द पाण्यावरून घसरत आमच्यापर्यंत आला. शरीफुन्निसाचा हात थर्मासच्या झाकणावर होता. तो तिथेच राहिला.

निवेदिता वागायला चांगली आहे. ती जवळ येऊन वाकली. "नमस्कार, काकू. कुठल्या तुम्ही?"

"रत्नागिरीच्या. आता बहारीनला असते."

"काय सांगता. आम्हीही बहारीनलाच असतो, आणि ही सबासुद्धा. तिकडे कधी भेट नाही झाली?"

सबा चार पावलांवर उभी होती. शरीफुन्निसाने तिच्याकडे पाहिलं. शाळेत बाईंनी प्रश्न विचारल्यावर सबाला उत्तर येत नसे, तेव्हा शरीफुन्निसा दाराबाहेरून बघायची तसंच.

"नाही हो," ती म्हणाली. "इथेच भेटली. गुणाची पोर आहे. माझी पिशवी उचलली, बस दाखवली. तिच्या आईने वळण चांगलं लावलंय."

मग तिने कागदी कपांत चहा ओतला. तिघांना दिला. चौथा कप सबापुढे धरून म्हणाली, "घ्या, तुम्हीपण घ्या."

सबाने दोन्ही हातांनी कप घेतला. प्यायली की नाही ते मी पाहिलं नाही. मग धबधबा बघायला ती त्या तिघांबरोबर निघून गेली. तासाभराने परत आली तेव्हा म्हातारे गृहस्थ बूट काढून माझ्या काठावर बसले होते आणि खजुराची बी कुठे टाकावी हे न कळून ती मुठीत धरून होते.

परतीच्या बसमध्ये मी शरीफुन्निसाच्या मांडीवर होते. खूप वेळाने ती म्हणाली, "तुझी साहेबीण बरी आहे." सबा खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं, आता बोलेल. बस थांबली.

बहारीनला आल्यावर सबाने किनाऱ्यासाठी दोन घडीच्या खुर्च्या आणल्या, चांगल्या महागातल्या. मला वॉशिंग मशीनच्या मागे कोंबलं. शरीफुन्निसाने खुर्च्यांवर टॉवेल वाळत घातले आणि मला बाहेर काढलं.

वरच्या मजल्यावरची नुसरतखाला आली की शरीफुन्निसा माझ्यावर बसून नॉर्वेची गोष्ट सांगायची. म्हातारा कसा सरकला, आपण कशा सरकलो. नुसरतखाला हसून हसून डोळे पुसायची. शेवट मात्र शरीफुन्निसा वेगळा सांगायची. "मग सबाची साहेबीण आली. सबाने सगळ्यांना बोलावून सांगितलं, ही माझी अम्मी, हिच्या हातचा चहा प्या." स्वयंपाकघरात सबा भांडी घासत असायची. त्या वाक्याला नळ मोठा व्हायचा.

मी त्या गोष्टीच्या खाली अंथरलेली होते. खरं काय ते मला ठाऊक होतं आणि मी गप्प होते. माझं एक ठीक, मी चटई आहे. सबाकडे वर्षभराचे शुक्रवार होते.

मित्रांनो, चटईची निगा राखणं अवघड नाही. वाळू झटका, साबणाने धुवा, उन्हातून वेळेवर काढा, घडी घाला. एवढं केलंत तर ती वीस वर्षं टिकते. पण तिच्यावर जो बसला आहे त्याला, हा माझा आहे, असं चारचौघांत सांगायचं असेल तर ते त्याच वेळी सांगा. पुढच्या शुक्रवारवर टाकू नका. आम्ही टिकतो. बसणारी माणसं उठून जातात.

शरीफुन्निसा गेल्यावर तिसऱ्या दिवशी जियारत, म्हणजे मयतासाठीची दुआ, झाली. कुराण वाचून झालं, बायका बैठकीत दाटीने बसल्या होत्या. सोफा अपुरा पडला म्हणून कुणीतरी मला आणून अंथरलं. नुसरतखाला मधोमध बसली. मृताबद्दल चांगलं बोलावं म्हणून ती नॉर्वेची गोष्ट सांगू लागली. म्हातारा सरकला तिथे दोघी रडता रडता हसल्या.

"आणि एवढ्या मोठ्या लोकांत पोरीने काय म्हटलं, ठाऊक आहे? ही माझी अम्मी, हिच्या हातचा चहा प्या. नशीब लागतं असल्या लेकीला. हो ना गो सबा?"

सगळ्या सबाकडे वळल्या. एकीने तिच्या पाठीवर हात ठेवला. मान हलवली असती तरी भागलं असतं. तिने हातातला पाण्याचा ट्रे खाली ठेवला आणि ती माझ्या काठावर गुडघे टेकून बसली. तिचे तळवे माझ्यावर टेकले होते. ते गार होते.

"नाही, खाला. मी तसं नाही म्हटलं."

"अगो, अम्मीनेच सांगितलं मला. एकदा नाही, दहादा."

"ती माझ्यासाठी सांगायची. मी म्हटलं, मी हिला ओळखत नाही. ती समोर बसली होती. तिने ऐकलं, आणि तीपण म्हणाली, ही माझी कोणी नाही. मला सांभाळून घ्यायला तसं म्हणाली."

नुसरतखालाची जपमाळ थांबली.

"मला तिची लाज वाटली होती," सबा म्हणाली. मग तिने मान खाली घातली आणि जिथे शरीफुन्निसा बसायची तिथे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अम्मी, मी तुला ओळखत नाही म्हटलं. माफ कर गो मला."