झाकणावरचा चहाचा डाग

प्रयोगशाळेतल्या चष्मिसचा तिसरा फोटोही फसला. फोटो कसला, पाटीवर ओलं फडकं फिरवल्यासारखा नुसता फराटा! जंतूंच्या अंगातली चरबी वेगळी काढून, काचेवर थेंब थेंब सोडून, हळूहळू वाळवून तिने पापुद्र्यावर पापुद्रा चढवला होता. हे पापुद्रे नीट रांगेत बसले की क्ष-किरणांच्या फोटोत सारख्या अंतरावर ठळक ठिपके उमटतात. नाही बसले की फराटा.

"हाताला वळण नाही तुझ्या," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. "शुक्रवारची शेवटची पाळी. मग यंत्र दुसऱ्या गटाला आणि तुझा विषय बंद."

चार वर्षांचं काम एका वाक्यात केराच्या टोपलीत. मोठ्या खुर्चीत बसलं की माणसाला दुसऱ्याचाच हात वाकडा दिसतो.

काचा विसळणाऱ्या मावशी ऐकत होत्या. सर गेल्यावर म्हणाल्या, "डोळे पूस आधी. वाळल्यावर या काचा कुठे ठेवतेस?"

"त्या डब्यात, दोन दिवस. आत मिठाचं पाणी असतं. ओल एकसारखी राहिली तरच थर रांगेत बसतात."

"मधे उघडतेस?"

"छे! एकदाही नाही."

"मग झाकणावर हा कपाचा गोल डाग कुणाचा? तू तर चहा पीत नाहीस."

चष्मिसने चष्मा पुसून डागावर बोट फिरवलं.

बुधवारी नवी काच डब्यात गेली. मावशींनी झाकणाला चिकटपट्टीचे चार वेढे दिले. दुपारी सर कप घेऊन शिट्टी वाजवत आले, झाकणावर कप टेकवला आणि पट्टीखाली नख घातलं.

"अहो सर!" मावशी ओल्या हातांनीच आडव्या आल्या. "काय चाललंय?"

"जरा बघतोय, थर कसे बसतायत. रोजच बघतो. त्यात काय एवढं?"

चष्मिस पुढे झाली. "दर वेळी ओल बाहेर जाते, सर. तो फराटा माझ्या हाताचा नव्हता. तुमच्या चहाचा होता."

सरांचे कान लालबुंद झाले. नख मात्र मुकाट्याने बाहेर आलं.

शुक्रवारी पडद्यावर ठिपके उमटले. एक, दोन, तीन... चक्क सात! चष्मिसने मावशींना कडकडून मिठी मारली, साबणाच्या फेसासकट.

सर खाकरले. खिशातून नवी कोरी चिकटपट्टी काढून त्यांनी मावशींपुढे धरली. "पुढच्या डब्याला. आणि तिचा विषय चालू."

"चार वेढे पुरतील?" मावशींनी विचारलं.

"सहा द्या," सर म्हणाले. "मला ओळखता ना तुम्ही."