रानजाईचं तोंड

नेरे गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत, रानजाईची राई होती. ऐन, हिरडे, बेहडे; खापरपणजोबांनीही म्हातारेच पाहिलेले. मधल्या बेहड्याखाली शेंदूर फासलेला दगड, तीच देवी. डोक्यावर छप्पर नाही. देवीला उघड्यावरच आवडतं, असं मालूआत्या सांगायची, आणि तिचा भाचा धर्मराज ते लहानपणापासून ऐकत आलेला.

धर्मराज पनवेलला दुकानांच्या पाट्या रंगवायचा. ब्याण्णवच्या सुमारास नेऱ्याकडे मुंबईकरांची फार्महाऊसं उठू लागली आणि लाकडाच्या ठेकेदाराची नजर राईवर पडली. सरपंच बुधाजी तर आधीच विरघळलेला. धर्मराज पंचांच्या हातापाया पडला, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी! राई गेली तर आत्या जगायची नाही, या विचाराने त्याला घास गोड लागेना.

मग त्याने हातात होतं तेच केलं. बेहड्याची साल घासून, वर अस्तर मारून, त्याने देवीचं तोंड काढलं. पुरुषभर उंच. डोळे असे, की कुठूनही बघा, तुमच्यावरच रोखलेले. ठेकेदाराची माणसं कुऱ्हाडी घेऊन आली, वर बघितलं, नारळ फोडला आणि आल्या पावली पळाली. धर्मराज पोट धरून हसला.

आत्या मात्र म्हणाली, "धर्मा, तिला तोंड नव्हता, तोच बरा होता रं."

"आत्या, तुझं आपलं काहीतरीच!"

अहो, म्हातारीचं ऐकतो कोण?

देवी नवसाला पावते अशी आवई उठली. मंगळवारी गर्दी लोटू लागली. पुढे पावसाळ्यात देवीच्या गालांवरून पाणी ओघळलं, तशी गावाच्या जिवाला टोचणी लागली. दगड भिजला तर चालतो. पण आई डोळे उघडे ठेवून पावसात उभी, आणि आपण कौलाखाली? बैठक बसली. बुधाजी म्हणाला, "आईला देऊळ पायजे. लाकूड इकत कशाला? राईतला लाकूड देवीच्या कामाला चालतो, रीतच हाय."

रीत खरीच होती. राईतली काटकी घरी न्यायची नाही, देवीसाठी मात्र खुशाल तोडावं. धर्मराज तरातरा उठला. "आरं, राई हीच देवी हाय!"

"तोंड तूच काढलास ना? मंग तूच कशाला आडवा येतोस?"

लोक हसले.

खांबांना ऐन गेले, वाशांना ऐन गेले. उरलंसुरलं म्हणून जे काढलं, ते ठेकेदाराच्या ट्रकात चढलं. छपराच्या आड येतो म्हणून बेहडाही वरून तोडला. तोंडापुरतं खोड तेवढं देवळात राहिलं. मालूआत्या एकदाच आली, देवीकडे पाठ करून बसली. संक्रांतीच्या आत ती गेली.

उन्हाळ्यात त्या मेल्या खोडाची साल सुटली आणि देवीचं तोंड जमिनीवर पडून फुटलं.

बुधाजी पनवेलला धर्मराजच्या दुकानात आला, नवा कोरा पत्रा बगलेत मारून. "धर्मा, यावर काढ. पत्र्याला कीड नाय, वाळवी नाय. झाडाचा काय भरवसा?"

धर्मराजच्या ओठावर 'नाय' आलं होतं. पण नाही म्हणून वाचवायला आता राईत होतं काय? त्याने ब्रश बुडवला आणि आधी डोळेच काढले.

या खेपेला मिटलेले.