शेवटचा आठ

विमलताईंच्या डोक्यात एकदा संशयाचा किडा शिरला, की मग ब्रह्मदेव आला तरी तो बाहेर निघत नसे. बरं, बाईचं अगदीच चुकत होतं असंही नाही. अळी लागणारच नाही असं छातीठोक सांगून विकलेलं बियाणं त्यांनी पेरलं, आणि बोंडाबोंडात गुलाबी अळी निघाली. तेव्हापासून त्या ताकही फुंकून पीत.

दुसऱ्या साली त्यांनी राळेगावात बायांचा गट जमवला आणि कपाशीच्या बियाण्याला चोळायचं जिवाणू खत स्वतःच करायला घेतलं. त्यात जिते जिवाणू किती, हे मोजायचं काम वैष्णवीचं. गटात कॉलेज शिकलेली ती एकटीच. काचेच्या थाळीवर उगवलेले ठिपके मोजून ती कॉम्प्युटरात भरायची, आणि कॉम्प्युटर कोटीतला हिशेब आखडून लिहायचा: 1.8E+08, असा काहीतरी.

"म्हणजे नेमके किती वं?" ताई दरवेळी विचारत. वैष्णवी समजावून सांगे आणि ताई दाराबाहेर पडेपर्यंत विसरत. शेवटी त्यांनी आपलाच नियम काढला. सगळ्यात खालची, म्हणजे नव्या टाकीची ओळ पाहायची, आणि ओळीतला शेवटचा आकडा. आठ असला तर बाटल्या भरा, आठाच्या खाली उतरला तर ओतून द्या. साऱ्या बायांना तो पाठ होता.

अशात वैष्णवीचं लग्न जमलं. कुठं, तर कळंबला, खता-औषधांचं दुकान असलेल्या घरी! झालं, ताईंच्या मनात पाल चुकचुकली. ज्यांचं पोट खत विकण्यावर, त्यांची होणारी सून आपलं खत चांगलं कशाला होऊ देईल? पोरगी फोन घेऊन बाहेर गेली की ताईंचे कान टवकारत. परवा तर त्या गटाच्या खोलीत शिरल्या, तेव्हा ही कॉम्प्युटरशी काही खुडबूड करत बसली होती.

"काय चाललं वं?"

"काही नाई ताई. झालं की दाखवतो," म्हणून ती हसली. ते हसणं ताईंना मुळीच आवडलं नाही.

पेरणी तोंडावर आली. रविवारी बाया बियाणं घेऊन यायच्या होत्या आणि खताची ही टाकी बिघडली तर दुसरी तयार करायला वेळच नव्हता. शुक्रवारी वैष्णवी साखरपुड्याच्या बोलणीसाठी कळंबला गेली. इकडे ताईंनी टाक्या धुणाऱ्या नलूला सोबत घेतलं आणि कॉम्प्युटर उघडला. सगळ्यात खालच्या ओळीत लिहिलं होतं: 240.0E+6.

"सहा!" ताई ओरडल्याच. "पाह्यलं? आठाचे सहा झाले! म्या म्हणतच होतो."

"ताई, तिले फोन तर लावून पाहा," नलू चाचरत म्हणाली.

"कायले? चोराले इचारून चोरी धरतेत काय? सासरच्या दुकानासाठी टाकी मारली तिनं. सोड नळ!"

नलूनं नळ सोडला. सगळी टाकी नाल्यात गेली. वैष्णवीनं खत मारलं, हे संध्याकाळपर्यंत घराघरांत पोचलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

सकाळी वैष्णवी एसटीतून उतरली तेव्हा तिला स्टँडवरच सगळं कळलं. ती तडक खोलीवर आली. रडली नाही, भांडली नाही. कॉम्प्युटर लावला आणि म्हणाली, "ताई, आता वरची ओळ वाचा."

वरच्या ओळीत शेवटी सहा. तिच्या वरही सहा. ताईंनी आपल्या वावरात टाकलेलं, झाडं कशी तरारून आली म्हणून गावभर मिरवलेलं खत, त्याच्याही पुढं सहाच.

"हे सारेच सहा कसे झाले वं?"

"खत तेच हाय ताई. आकडा दिसाची पद्धत तेवढी बदलवली म्या. तुमी दरवेळी इचारत होत्या ना, नेमके किती म्हणून? म्हणून आपल्या खताच्या आकड्याले मांगं सहाच येईन, अशी मांडणी केली. सहा म्हणजे दहा लाख. दहा लाखाचे दोनशे चाळीस, म्हणजे चोवीस कोटी. इतके चांगले आजवर निघालेच नवते. पेरणीच्या दिवशी तुमच्याच तोंडून साऱ्यायले वाचून घेणार होतो."

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं पोरी माह्यं," त्या कशाबशा म्हणाल्या. "राहू दे वं ते तसंच. मी शिकतो वाचाले."

"एक फोन लावाचा होता ताई. एकच."

वैष्णवीनं दोन-चार बटणं दाबली. सगळ्या ओळींत पुन्हा पहिल्यासारखे आठ आले. खोलीची किल्ली तिनं टेबलावर ठेवली आणि ती चालू लागली.

त्या साली बायांनी बियाणं खत न चोळता कोरडंच पेरलं. पुढची टाकी तयार झाली तेव्हा ठिपके नलूनं मोजले, आणि ताई चष्मा पुसून कॉम्प्युटरसमोर बसल्या. 3.1E+08. या खेपेला त्यांनी पहिल्यांदा समोरचा आकडा वाचला. बोटानं टेबलावर शून्यं मांडली, खोडली, परत मांडली.

"एकतीस कोटी," त्या म्हणाल्या आणि मागं वळल्या. "बरोबर हाय ना वं?"

दारात नलू बाटल्या घेऊन उभी होती. "मले काय मालूम ताई," ती म्हणाली. "शेवटी आठ हाय ना? मंग भरतो."