पावलं कुठून येतात

हेडसेट कोणता घ्यायचा हे अश्वजितनं ठरवावं असं टीनानं जाहीर केलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. कॉम्प्युटर माझा, टीम माझी, नागपूरच्या गेमिंग स्पर्धेत नाव मी घातलेलं, आणि निवडणार कोण, तर आमच्या राइस मिलमधला हेल्पर. टीना माझी धाकटी बहीण. तिचं म्हणणं एवढंच होतं की अख्ख्या तुमसरात अश्वजितसारखा कान कोणाचा नाही.

या कानाचं कौतुक मुळात बाबांनी सुरू केलं होतं. मिलमध्ये पाच मशीन एकदम धडधडत असतात. त्या गदारोळात अश्वजित मधोमध उभा राहायचा, मान हळूहळू फिरवायचा आणि सरळ जाऊन एका मशीनवर हात ठेवायचा. याचं बेअरिंग जायला आलं, म्हणायचा. उघडून पाहिलं की तेच निघायचं. म्हातारे कृष्णराव मिस्त्री दिवाळीला काम सोडणार होते आणि त्यांच्या जागी बाबा अश्वजितला घेणार होते. पाच वर्षं धानाची पोती उचलल्यावर त्याला हे मिळत होतं. मिस्त्रीला मिलच्या आवारात खोली असते, म्हणून कोंढ्याहून आईला आणायचंही त्यानं ठरवून टाकलं होतं. त्याचं मला काही वाटत नाही, असं मी स्वतःला सांगायचो. पण आमच्या टीममध्ये खेळतानाही तो माझ्याहून सरस होता, आणि ते मात्र मला सहन होत नव्हतं.

दुकानातून तीन हेडसेट पाहायला आणले होते, दोन परत करायचे होते. गोळीबाराच्या खेळात डोळ्यांपेक्षा कान कामाला येतात. शत्रू भिंतीआड असतो, दिसत नाही, त्याची पावलं तेवढी ऐकू येतात. ती डावीकडून येताहेत की मागून, हे ज्यात स्वच्छ कळेल तो हेडसेट आपला. मी म्हटलं, परीक्षा नीट घेऊ. डोळ्यांवर दुपट्टा बांधायचा, मी पावलांचं रेकॉर्डिंग लावणार, आणि आवाज येईल तिकडे हात करायचा. माउसला कोणी हात लावायचा नाही.

माउसचं मी मुद्दाम घातलं. खेळताना अश्वजित माउसनं आपला गडी जागच्या जागी सारखा गरगर फिरवायचा. ती त्याची खोड मला खटकायची, आणि तिच्याशिवाय तो काय करतो ते मला पाहायचं होतं.

रविवारी दुपारी मिल बंद होती, अश्वजित आमच्या घरी आला. टीनाच्या दोन चुका झाल्या, माझी एक. मग अश्वजित बसला. पहिली पावलं डावीकडून वाजली. त्यानं मान थोडी इकडे वळवली, थोडी तिकडे, आणि हात उजवीकडे केला. नंतरची मागून होती, तरी हात उजवीकडेच. टीना हसली, हेडसेटच खराब असेल म्हणाली. दुसरा लावला, तिसरा लावला, फरक पडला नाही. तो बिचारा मान फिरवत होता आणि हेडसेट मानेबरोबर फिरत होता.

तेव्हा मला कळलं. खरं सांगतो, मला आनंद झाला. तिथंच दुपट्टा सोडायला हवा होता, पण मी सोडला नाही. सेटिंगमध्ये जाऊन उजव्या बाजूचा आवाज बंद केला, डाव्या बाजूचा नेहमीएवढाच ठेवला, आणि त्याला सांगितलं की ही शेवटची फेरी, आवाज सुरू झाला की फक्त हात वर कर.

पावलं वाजायला लागली. टीना दाराशी उभी होती, स्क्रीनवर आवाजाची पट्टी उड्या मारताना तिलाही दिसत होती. मग बंदुका सुरू झाल्या. अश्वजित ताठ बसला होता. हात मांडीवर तयार ठेवलेला, तोंडावर हसू. टीनाचं हसणं थांबलं. मी तसंच मिनिटभर चालू ठेवलं.

"भुपेंद्रभाऊ, चालू केलं का?" त्यानं विचारलं.

टीनानं पुढे होऊन हेडसेट ओढून काढला. दुपट्टा त्यानं स्वतःच सोडला, आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि काय ते समजला. लहानपणी डावा कान वाहायचा, मग पुरता गेला, हे त्यानं खाली बघत सांगितलं. मी विचारलं, मग मिलमध्ये तुले कसं समजते?

"मान फिरवतो ना भाऊ. चांगला कान मशीनसमोर आला का आवाज मोठा होते, मंग तिकडंच जातो. आजवर एकदाबी चुकलो नाही." जरा थांबून म्हणाला, "मालकाले सांगू नोका."

मी म्हटलं, नाही सांगत.

संध्याकाळी जेवताना सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला.

"मंग इतके दिवस त्याले बरोबर कसं समजून राहिलं होतं?" त्यांनी विचारलं.

उत्तर मी त्याच्याच तोंडून ऐकलं होतं. टीना माझ्याकडे बघत होती. मी भात कालवला.

"अंदाजे सांगत असन," मी म्हणालो. "नशिबानं बरोबर निघत असन."

टीना बोलायला गेली, पण बाबांनी तिला हातानंच थांबवलं. चालत्या पट्ट्याजवळ बहिरा माणूस, उद्या कुठं अडकला तर निस्तरायचं कोणी, एवढंच ते म्हणाले. मिस्त्रीची जागा तर गेलीच, पोत्यांवरूनही त्याला काढलं. टीना त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही.

तो गेला त्या दिवशी मिलच्या फाटकाबाहेर त्याचं सामान बांधणं चाललं होतं. मी त्याच्या डाव्या बाजूनं गेलो, जाणूनबुजून, अगदी जवळ, आणि हळूच म्हणालो, "माफ कर." त्याला ते ऐकू येणार नाही हे मला माहीत होतं, आणि मला तेच हवं होतं. तो पिशवीची गाठ आवळत राहिला, आणि मी घरात आलो.